उतारा झाकून बघा

नोकरीतल्या माणसांची धंद्याच्या इंग्रजीची परीक्षा घ्यायची असं कुणी ठरवलं की मागणी ठरलेली असते. पन्नास प्रश्न हवेत, त्यातले तीस शब्दार्थांचे आणि वीस उताऱ्यांवरचे. प्रत्येकाला चार पर्याय, सगळं एका तासात आटपायचं आणि निकाल दुसऱ्या दिवशी हातात पाहिजे. अशी प्रश्नपत्रिका मी काढून दिलेली आहे. शिकवणीचे गट पाडायला म्हणून मागितलेला तो निकाल पुढे पगारवाढीच्या यादीला जोडला गेला, वरच्या गुणांची माणसं पत्रव्यवहारावर बसवली गेली, त्यांच्या नजरेतून करारातली अट निसटली, आणि मग सगळा दोष प्रश्नपत्रिकेवर आला. कोण काय बोललं ते इथे उगाळत नाही. ते सांगितलं की वाद माणसांचा होतो आणि परीक्षा आहे तशीच राहते. प्रश्नपत्रिकेत दोष होता, हे मला मान्य आहे. पण तो दोष मागणीतच होता. माझी चूक ही, की तो ओळखूनही मी मागितलं ते दिलं. ज्यांना अशी परीक्षा काढायची आहे, विकत घ्यायची आहे किंवा द्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: धंद्याच्या इंग्रजीत शब्द आणि वाचन यांची वेगवेगळी परीक्षा घेता येत नाही, कारण कामाच्या कागदावर माणूस अडतो तो अवघड शब्दापाशी क्वचित. बहुतेक वेळा तो ओळखीच्या शब्दापाशी चुकतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

एक साधं वाक्य घ्या. खरेदीच्या कागदांवर या धर्तीची वाक्यं हमखास भेटतात: ‘पेमेंट इज ड्यू विदिन थर्टी डेज ऑफ इन्व्हॉइस, अनलेस द गुड्स आर रिजेक्टेड विदिन सेव्हन डेज ऑफ रिसीट.’ यातला एकही शब्द अवघड यादीत सापडणार नाही. दहावी झालेल्या मुलाला ते सगळे ठाऊक असतात. नेहमीची परीक्षा इथे विचारते की ‘रिजेक्ट’चा समानार्थी शब्द कोणता, आणि बहुतेक सगळे बरोबर उत्तर देतात. आता प्रश्न बदला. इन्व्हॉइस १ जूनचं आहे, माल ३ जूनला पोचला, १२ जूनला तपासणीत खराब निघाला आणि त्याच दिवशी तसं कळवलं. पैसे द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर कधीपर्यंत? कागदाप्रमाणे माल नाकारायची मुदत १० जूनला संपली, म्हणून १ जुलैपर्यंत पैसे द्यावे लागतात. इथे ‘रिजेक्ट’ कुणाला अडवत नाही. अडवतो तो ‘अनलेस’, कारण तो वाक्याची दिशा फिरवतो. अडवतो ‘विदिन’, कारण तो कशापासून मोजायचा ते पुढे वाचल्याशिवाय कळत नाही. आणि सगळ्यात जास्त फसवतो ‘रिसीट’. आपल्याकडे रिसीट म्हणजे पावती. या वाक्यात रिसीट म्हणजे माल हाती पोचणं. पावतीच्या तारखेपासून सात दिवस मोजणारा माणूस शब्दार्थाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेईल आणि गोदामात मालकाचं नुकसान करेल.

या छोट्या शब्दांना किती किंमत असते, याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात नेमकी हीच बांधणी आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचल्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही, आणि ती हुकली तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लेटर ऑफ क्रेडिटचं उदाहरण याहून बोलकं आहे. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची जी नियमावली २००७ पासून लागू आहे, तिच्या तिसऱ्याच कलमात माल रवाना करण्याच्या मुदतीबद्दल खुलासा करावा लागला आहे: ‘टु’, ‘अन्टिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’ आणि ‘बिट्वीन’ या शब्दांत सांगितलेली तारीख धरायची, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’मध्ये ती वगळायची. ‘ऑन ऑर अबाउट’ म्हणजे सांगितलेल्या तारखेच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. जगभरच्या बँकर मंडळींना ज्या शब्दांचे अर्थ कलम घालून ठरवावे लागले, ते हे पहिलीच्या पुस्तकातले शब्द. आपल्या शब्दसंग्रहाच्या प्रश्नपत्रिकांत ते कधी दिसतात का? तिथे ‘लुक्रेटिव्ह’ असतो, ‘मिटिगेट’ असतो, ‘ॲक्युमेन’ असतो. कारण तसे शब्द घातले की प्रश्नपत्रिका भारदस्त दिसते, आणि पैसे मोजणाऱ्याला आपण काहीतरी मोलाचं घेतलं असं वाटतं.

मराठी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे, आणि बाहेरून आणलेल्या कुठल्याही परीक्षेला ती दिसत नाही. धंद्याचे इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत की त्यांचा एकेक मराठी अर्थ पक्का झालेला असतो. ‘पार्टीचं आउटस्टँडिंग किती?’ असं दुकानात विचारतात तेव्हा आउटस्टँडिंग म्हणजे येणं बाकी. परीक्षेत त्याच शब्दाचं बरोबर उत्तर ‘उत्कृष्ट’ असतं. हिशेब विभागातला माणूस ‘न चुकवलेलं’ या पर्यायावर खूण करतो आणि त्याला शून्य मिळतं, खरं तर धंद्याच्या इंग्रजीत तोच जास्त बरोबर असताना. ‘बॅलन्स’ बँकेच्या पासबुकात आपल्याजवळ उरलेले पैसे असतात, बिलाखाली तोच शब्द आपण द्यायचे उरलेले पैसे असतात. ‘सँक्शन’ म्हणजे कर्जाची मंजुरी हे आपल्याला पाठ आहे. निर्यातीच्या पत्रात एखाद्या देशावर सँक्शन्स आहेत असं आलं, की तिथे निर्बंध असा अगदी उलट अर्थ असतो. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्या, हा अर्थ भारतातल्या ऑफिसांत सर्रास चालतो. परदेशी गिऱ्हाइकाच्या पत्रात रिव्हर्ट म्हणजे बहुधा आधीच्या स्थितीवर परत जाणं. ‘टेबल अ प्रपोजल’ याचा अर्थ ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेला ठेवणं आणि अमेरिकेत तो बाजूला सारणं. आणि शब्दही नसलेल्या गोष्टी आहेतच: ३/४ ही तारीख आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकेतल्या माणसासाठी ४ मार्च. पहिली तिमाही आपल्या आर्थिक वर्षात एप्रिल ते जून, कॅलेंडरप्रमाणे चालणाऱ्या कंपनीत जानेवारी ते मार्च. हे सगळं वाचनाचं काम आहे. पत्र कुणाकडून आलं, कशाबद्दल आलं, हे वाचल्याशिवाय यातल्या एकाही शब्दाचा अर्थ ठरत नाही, आणि सुट्या शब्दाला चार पर्याय लावून विचारणाऱ्या प्रश्नात नेमकं तेवढंच वगळलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शब्दांच्या याद्या काही हवेतून आलेल्या नाहीत, त्यांच्यामागे मोठं संशोधन आहे. आहेच, आणि मी त्या याद्या वापरते. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना बंगाली मुलांना आधी वाचनाची गरज आहे असं १९२६ साली मांडलं, आणि १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची सर्वसाधारण यादी पुस्तकरूपाने आली. २०१३ साली तिची नवी आवृत्ती म्हणता येईल अशी यादी तयार झाली. तिला जोडून धंद्याच्या मजकुरासाठी सुमारे १,७०० शब्दांची वेगळी यादी आहे, आणि दोन्ही मिळून धंद्याच्या मजकुरातले सुमारे ९७ टक्के शब्द येतात असं ती करणारे सांगतात. पॉल नेशन यांच्या अभ्यासांतून आलेला ९८ टक्क्यांचा आकडाही शिक्षकांना माहीत असतो: कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. हे सगळं खरं आहे. पण याद्या शब्दांची रूपं मोजतात, अर्थ मोजत नाहीत. ‘आउटस्टँडिंग’ ओळखीचा म्हणून एकदा मोजला की त्याचे दोन्ही अर्थ ओळखीचे धरले जातात. ‘रिसीट’चंही तेच. शिवाय टक्केवारी सगळ्या शब्दांना सारखं वजन देते. दीडशे शब्दांच्या पत्रात ९८ टक्के ओळखीचे म्हणजे तीन अनोळखी. ते तीन कुठले, यावर सगळं अवलंबून आहे. ‘स्प्लेंडिड’ कळला नाही तर काही बिघडत नाही, ‘अनलेस’वरून नजर घसरली तर बिघडतं. यादी शिकवायला उत्तम आहे, कुठून सुरुवात करायची ते तिच्यावरून कळतं. तिच्यातला शब्द आला म्हणजे कागद वाचता आला, असा निष्कर्ष मात्र यादी करणाऱ्यांनीही काढलेला नाही. तो काढला परीक्षा विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, आणि त्यांच्यात मी होते.

उताऱ्यांची गोष्ट तर याहून वाईट आहे. माझे डोळे उघडले ते इथे, म्हणून यावर जरा थांबते. उतारा झाकायचा आणि फक्त प्रश्न वाचायचे, एवढी एकच तपासणी सगळं उघडं पाडते. बंदरात संप झाल्यामुळे माल उशिरा पोचल्याचं एका कंपनीचं पत्र उतारा म्हणून दिलेलं आहे, असं समजा. प्रश्न असतो, कंपनीने ग्राहकांची क्षमा का मागितली? पर्याय: माल वेळेवर पोचला म्हणून, बंदरातल्या संपामुळे माल पोचायला उशीर झाला म्हणून, मालक परदेशी गेले म्हणून, नवीन शाखा उघडली म्हणून. हा प्रश्न सोडवायला पत्राची गरजच नाही. क्षमा कशाबद्दल मागतात हे जगात वावरणाऱ्या कुणालाही कळतं, आणि बरोबर पर्याय सगळ्यात लांब आहे हेही डोळ्यांना दिसतं. हे केवळ हौशी परीक्षांत होतं असं नाही. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेच्या वाचनाच्या प्रश्नांवर १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना उतारे न देता फक्त प्रश्न दिले होते, आणि त्यांची उत्तरं निव्वळ अंदाजाने येतील त्याहून पुष्कळच जास्त बरोबर आली. एवढी यंत्रणा पाठीशी असलेल्या परीक्षेची ही स्थिती, तर दोन आठवड्यांत एका बाईकडून काढून घेतलेल्या प्रश्नपत्रिकेची काय असेल? उतारा झाकून आपलेच प्रश्न वाचताना ज्या प्रश्नांचा अभिमान वाटला होता तेच आधी कोसळतात. वाचनाचे म्हणून दिलेले गुण वाचनाचे नव्हतेच. ते व्यवहारज्ञानाचे होते, परीक्षा देण्याच्या सवयीचे होते, लहानपणापासून क्लासमध्ये पर्याय गाळायला शिकल्याचे होते. ज्याला ती सवय नाही, जो शिफ्ट संपवून आला आणि प्रामाणिकपणे उतारा पहिल्यापासून वाचत बसला, त्याचा वेळ गेला आणि त्याचे गुण कमी आले. हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

अंदाजाचा हिशेबही मांडून बघा, कागद-पेन्सिल पुरते. पन्नास प्रश्नांतले वीस एखाद्याला खरोखर येतात. उरलेल्या तीसांवर तो डोळे मिटून खुणा करतो. चार पर्यायांत सरासरी साडेसात बरोबर येतील, म्हणजे साडेसत्तावीस, ५५ टक्के. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय उघड चुकीचे म्हणून गाळता आले, तर पंधरा बरोबर येतील, एकूण पस्तीस, म्हणजे ७० टक्के. चाळीस टक्के येणारा माणूस सत्तर टक्क्यांच्या रांगेत बसतो. ‘मग चुकीला पाव गुण कापा’ असं लगेच सुचवलं जातं, कारण बँक भरतीच्या परीक्षांत तसं कापतात. पण तिथे पर्याय पाच असतात. पाचात एक बरोबर आणि चार चुकांचे पाव-पाव मिळून एक गुण वजा, त्यामुळे आंधळ्या अंदाजाची बेरीज शून्य होते. चार पर्यायांना पाव गुण कापला तर तीस आंधळ्या खुणांवर जवळजवळ दोन गुण उरतातच. तिथे एक तृतीयांश कापायला हवा. दुसऱ्याचा नियम उचलताना त्याच्यामागचं गणित उचललं जात नाही, आणि मग पास-नापासाची रेघ नेमकी त्या दोन गुणांत ओढली जाते.

दुसरा आक्षेप मोठ्या परीक्षांचा. टोइक ही परीक्षा जपानमधल्या मागणीवरून अमेरिकेच्या ईटीएस या संस्थेने १९७९ साली सुरू केली. तिच्यात पर्यायांचेच प्रश्न असतात आणि जगभरच्या कंपन्या तिचे गुण मानतात, मग आमच्या परीक्षेला नावं का ठेवता, असं विचारतात. त्या परीक्षेत काय असतं ते मात्र विचारणाऱ्यांनी बहुधा पाहिलेलं नसतं. वाचनाचे शंभर प्रश्न, ७५ मिनिटांत, आणि त्यातले ५४ सलग मजकुरावरचे. मजकूर म्हणजे नोटिस, ई-मेल, जाहिरात, वेळापत्रक. काही ठिकाणी दोन किंवा तीन कागद एकत्र ठेवून एकातली तारीख दुसऱ्यातल्या अटीशी जुळवायला लावतात. गुण ५ ते ४९५ या मापावर दिले जातात आणि प्रत्येक विभागात सुमारे २५ गुण इकडेतिकडे होऊ शकतात हे परीक्षा घेणारेच लिहून देतात. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा त्यांनी २००६ साली वेगळी आणली. केंब्रिजच्या बिझनेस इंग्लिश परीक्षा १९९३ साली सुरू झाल्या, त्यांत वाचनाबरोबर लेखन आणि संभाषणही ठेवलं गेलं. आपल्याकडे या परीक्षांचं फक्त बाहेरचं रूप उचललं जातं: चार पर्याय आणि एक आकडा. शंभर प्रश्नांचे वीस होतात, प्रश्न आधी कुणावर तपासून बघितले जात नाहीत, आणि चुकीची मर्यादा कुणी लिहून देत नाही. वीस प्रश्नांच्या परीक्षेत अकरा आणि तेरा गुण मिळवणाऱ्या दोघांत फरक आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तरीही अकरावाल्याचं नाव एका यादीत आणि तेरावाल्याचं दुसऱ्या यादीत जातं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो खरा आहे: तीनशे उत्तरपत्रिका कोण तपासणार? पर्याय दिले की यंत्र तपासतं. पण पर्याय काढून टाकले म्हणजे निबंध तपासावे लागतात, हे खरं नाही. वरच्या जूनच्या उदाहरणात उत्तर एक तारीख आहे. ‘एकूण किती रुपये द्यायचे?’, ‘कोणत्या दिवसापर्यंत कळवायचं?’, ‘हे पत्र कुणाला पुढे पाठवायचं?’, ‘माल नाकारता येईल का, हो की नाही, कुठल्या ओळीवरून?’ अशा प्रश्नांची उत्तरं एका आकड्यात, एका नावात, एका ओळीच्या क्रमांकात बसतात आणि तपासायला पर्यायांपेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. अंदाजाला मात्र जवळजवळ जागा उरत नाही. ‘कुठल्या ओळीवरून’ हा शेवटचा तुकडा सोडू नका. नुसतं हो-नाही विचारलं की पुन्हा नाणेफेक होते. दुसरी सोय रिकाम्या जागांची. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली गाळलेल्या शब्दांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तीत ठरावीक अंतराने शब्द गाळतात. कामाच्या पत्रासाठी मोजून गाळू नका, निवडून गाळा. ‘बाय’ की ‘अन्टिल’, ‘अनलेस’ की ‘इफ’, ‘शॅल’ की ‘मे’, ‘नेट ऑफ’ की ‘प्लस’. पत्राच्या पुढच्या-मागच्या मजकुरावरूनच भरता येतील अशाच जागा ठेवा.

आणि उत्तरं मराठीत लिहू द्या. हे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. इंग्रजीची परीक्षा आणि उत्तर मराठीत? पण कामावर नेमकं हेच घडत असतं. स्टोअरमधली व्यक्ती इंग्रजी पत्र वाचते आणि साहेबांना, कामगारांना, ट्रान्सपोर्टवाल्याला मराठीत किंवा हिंदीत सांगते. तिचं वाचन बरोबर आहे की नाही हे त्या सांगण्यातून कळतं. उत्तर इंग्रजीत मागितलं की वाचनाच्या परीक्षेत लेखनाची परीक्षा मिसळते, आणि ज्याला सगळं कळलं पण लिहिता आलं नाही तो न कळलेल्यांत मोजला जातो. लेखन तपासायचं असेल तर जरूर तपासा, पण वेगळं. या मुद्द्यावर मला जो विरोध झाला त्यात एकही कारण भाषेचं नव्हतं. मराठी उत्तरं असली तर परीक्षा ‘खालच्या दर्जाची’ दिसेल, एवढंच कारण होतं. दिसण्यासाठी माणसांचे गुण कापले गेले, याचा राग मी लपवत नाही.

मोबाईलवर सगळं भाषांतर होतं, मग परीक्षाच कशाला, असंही हल्ली विचारतात. यंत्राने केलेलं भाषांतर त्या पत्राच्या व्यवहाराशी जुळतं का हे बघायला वाचता येणारं माणूस लागतंच. ‘रिसीट’चं भाषांतर ‘पावती’ झालं तर ते कुणाच्या लक्षात येणार? यावर यापेक्षा जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

आता परीक्षा मागणाऱ्यांच्या वागण्याबद्दल. भाषा येत नसल्याचं मोजमाप त्यांना आकड्यात हवं असतं, कारण आकडा दाखवून निर्णय घेता येतो आणि निर्णयाची जबाबदारी आकड्यावर टाकता येते. निकाल चांगला वाटेपर्यंत परीक्षा त्यांची असते, निकालावरून वाद झाला की ती काढणाऱ्याची होते. गट पाडण्यासाठी काढलेल्या परीक्षेत काही चुका परवडतात, कारण चुकीच्या गटात गेलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटात हलवता येतं. पगार आणि बढतीसाठी वापरलेल्या परीक्षेत ती चूक वर्षभर त्या माणसाच्या मानेवर बसते. प्रश्नपत्रिका तीच असली तरी या दोन परीक्षा एक नव्हेत. म्हणून काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे: निकाल कशासाठी वापरणार हे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि कशासाठी वापरणार नाही हेही लिहून घ्या. तोंडी शब्दावर एकही प्रश्न देऊ नका. त्यांच्याच ऑफिसातली खरी पत्रं, बिलं, करार मागून घ्या, नावं आणि दर खोडून. ती वापरायची लेखी परवानगी घ्या. पत्रं द्यायला नकार मिळाला तर त्यांच्या कामाचं वाचन तुम्हाला मोजता येणार नाही हे तिथेच सांगा. पुण्याच्या बिलाखाली छापलेली न्यायकक्षेची ओळ, चूकभूल देणे-घेणेची इंग्रजी अक्षरं, उशिराच्या व्याजाचा दर, हे सगळं रोज हाताखालून जातं आणि कुणी वाचत नाही. प्रश्न तिथून काढा. प्रश्नातले शब्द उताऱ्यातल्या शब्दांपेक्षा सोपे असू द्या. पाच अनोळखी माणसांना उतारा न देता प्रश्न द्या, आणि जे प्रश्न त्यांतल्या तिघांना सुटतात ते फेकून द्या, कितीही आवडते असले तरी. मग उरलेले प्रश्न काम उत्तम येणाऱ्या दोघातिघांना द्या. त्यांचं उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा वेगळं आलं तर आधी स्वतःचं उत्तर तपासा. वेळ पुरेसा द्या. छपाई स्वच्छ ठेवा.

परीक्षा देणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. शब्दांच्या याद्या पाठ करून गुण वाढतील, ते वाढवा, तुमचा तो हक्क आहे. पण रोज एक खरा कागद, आपल्याच टेबलावरचा, तारखा आणि अटींवर बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि एखाद्या परीक्षेच्या आकड्यावरून तुमचं काम बदललं, तर प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका बघायला मागा. लेखी मागा. द्यायला नकार आला तर तोही लेखी मागा.

माझी ती पन्नास प्रश्नांची प्रश्नपत्रिका अजून फिरते आहे, हे मला माहीत आहे. ती मी मागे घेतलेली आहे. ती तुमच्या हाती आली तर तिच्यावरून कुणाचीही पगारवाढ अडवू नका.